धक्क्यावर चार वाजता

"उठा तिथून! आधी उठा, मग रागवा!"

लूबनाने वर बघितलंच नाही. भावाच्या गेस्टहाऊसच्या अंगणात, काथ्याने विणलेल्या जाळीच्या खुर्चीत, जोआलीत, पाय दुमडून ती पाहुण्यांसाठी सूचना लिहीत होती. सहा लिहून झाल्या होत्या. शुक्रवारी फेरीबोट नसते. पोहण्याचे कपडे घालून गावातून फिरू नये. दारू कुठे मिळते असं विचारू नये, विचारून ती मिळत नाही. आणि आता कोण हा आगंतुक, सूचना देणाऱ्यालाच सूचना देणारा?

ती उठली ती भांडायलाच. त्याच क्षणी, ती बसली होती नेमक्या त्याच जागी, एक नारळ येऊन बसला. चांगला टपोरा, पाण्याने भरलेला.

दोघं थोडा वेळ नारळाकडे बघत राहिली.

"काय लिहीत होतात?" त्याने विचारलं.

लूबनाने कागद पाठीमागे नेला. सातवी सूचना अर्धीच झाली होती : 'नारळाच्या झाडाखाली बसू...'

"पण... पडणार हे तुम्हाला कळलं कसं?"

"पोटापाण्याचा धंदा आहे."

त्याचं नाव जैलम. लाँचने वीस मिनिटांवर, समोरच्या बेटावर जे रिसॉर्ट आहे, तिथे तो माळी होता. झाडांवर चढून नारळ उतरवायचा, खायला नव्हे, तर ते परदेशी डोक्यांवर पडू नयेत म्हणून. "तीन वर्षांत एकही डोकं फुटलेलं नाही," तो म्हणाला. "आज पहिलं फुटलं असतं. तेही माझ्या सुट्टीच्या दिवशी."

लूबनाने त्याला चहा विचारला. घाबरल्यामुळे विचारला. दुसरं काहीही कारण नव्हतं, असं ती पुढे महिनाभर सांगत होती.

त्यानंतर दर शुक्रवारी जैलम रिसॉर्टच्या लाँचने येऊ लागला. जुम्म्याची नमाज आमच्या मशिदीत आणि चहा लूबनाच्या अंगणात.

"रिसॉर्टवर मशीद नाही का?" तिच्या थोरल्या भावाने, शरीफने, एकदा विचारलं.

"आहे ना, बेबे." थोरल्या भावाला आमच्याकडे बेबे म्हणतात, आणि जैलम पहिल्याच शुक्रवारी ते म्हणून मोकळा झाला होता. "पण चहा तुमच्यासारखा नाही."

शरीफबेबेने आपल्या चहाचा एक घोट घेतला. तो नेहमीसारखाच पांचट होता. शरीफबेबेला जे कळायचं ते कळलं, आणि तो कप घेऊन आत गेला.

'तुम्ही' कधी गळून पडलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सूचनांचा कागद मात्र वाढत गेला.

"अकरावी काय?" जैलमने विचारलं.

"रिसॉर्टच्या माणसाशी वेळ ठरवताना, कोणती वेळ ते आधी विचारावं."

ही सूचना फार कामाची होती. समोरच्या रिसॉर्टमधली घड्याळं आमच्यापेक्षा तासभर पुढे लावलेली असतात. पाहुण्यांना सूर्यास्त जरा उशिरा मिळावा म्हणून. सूर्याला हे कोणी कळवलेलं नाही, तो आपला ठरल्या वेळी जातो. पण तिथे पाच वाजतात तेव्हा आमच्याकडे चारच वाजलेले असतात, आणि आजवर कितीतरी पाहुण्यांच्या बोटी या तासात बुडाल्या आहेत.

"म्हणजे मी तुझ्या तासभर पुढे जगतो," जैलम म्हणाला.

"मग सांग बघू, पुढच्या तासात काय होणार?"

"तू मला अजून एक मासरोशी वाढणार."

लूबनाने माशाचं सारण भरलेली ती गरम रोटी त्याच्या ताटलीत टाकली. बोटाला चटका बसला. तिने बोट पटकन ओठांशी नेलं... आणि त्याने बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं. दोन्ही अगदी वाईट जमलं.

मग एका शुक्रवारी त्याने ताटलीला हात लावला नाही.

"बढती झाली," तो म्हणाला. मयतीची बातमी सांगावी तसा. "दक्षिणेच्या टोकाला नवीन रिसॉर्ट होतंय. मुख्य माळी. गुरुवारी निघायचं."

"अरे वा," लूबना म्हणाली. तिचं ते 'वा' कुठल्या कुठे विरून गेलं.

"तिथे घर मिळणार आहे. दोन माणसांचं." तो बराच वेळ ताटलीशी बोलल्यासारखा बोलत राहिला. "निकाह करून... येशील? नाही, आत्ता सांगू नकोस! गुरुवारी आमची लाँच राजधानीला, मालेच्या विमानतळावर जाताना तुमच्या धक्क्याला लागते. चारला सुटते. 'हो' असेल तर ये. नसेल तर पाहुण्यांना चहा दे."

"फोन करते ना..."

"फोन नको. फोनवर तू सगळ्यांशीच गोड बोलतेस. 'नाही' असं म्हणशील आणि मी आभार मानून ठेवून देईन."

उत्तर तिला त्याच संध्याकाळी माहीत होतं. तरी पुढचे सहा दिवस तिने विचार केला, कारण लगेच कळलेल्या उत्तरावर तिचा विश्वास नव्हता.

"हो म्हणायचंय ना?" शरीफबेबे शेवटी वैतागला. "मग इतके दिवस काय शिजवतेस? एवढ्या दिवसांत मासे वाळतात, पोरी!"

गुरुवारी तिने हिरवा ड्रेस तीनदा इस्त्री केला. पावणेचारला धक्क्यावर पोचली. धक्का रिकामा होता. जाळं दुरुस्त करणारा एक म्हातारा तेवढा पाय सोडून बसला होता.

"कोणाला सोडायला आलीस?"

"चारची लाँच..."

"ती? गेली की. चारलाच गेली."

"अजून चार वाजलेच नाहीत!"

"आपले नाही वाजले," म्हातारा म्हणाला. "त्यांचे वाजले."

अकरावी सूचना. तिच्याच अक्षरातली. गेस्टहाऊसच्या पाचही खोल्यांत, दाराच्या मागे चिकटवलेली.

तिने फोन लावला. बंद. नकाराला भ्यालेला माणूस आधी फोन बंद करतो. पाण्यावर लाँचचा ठिपकासुद्धा उरला नव्हता, आणि त्या लाँचमध्ये एक माणूस लूबनाचं 'नाही' घेऊन दक्षिणेला चालला होता. असा माणूस परत फिरून विचारत नाही.

चपला हातात घेऊन ती पळत सुटली. गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात, फळीवर, बोटींशी बोलायचा वायरलेस होता.

"अगं, त्यावर सगळा समुद्र ऐकतो!" शरीफबेबे मागून ओरडला.

"ऐकू दे. बटण कुठलं दाबू?"

त्याने दाखवलं. लूबनाने दाबलं.

"मालेच्या लाँचसाठी निरोप. तुमच्याकडे जैलम नावाचा माणूस आहे. त्याला सांगा, लूबना चारलाच आली होती. आमच्या चारला. आणि... आणि हो."

खरखर. मग लांबच्या एका मासेमारी बोटीवरून आवाज आला, "कशाला 'हो', पोरी?"

"अरे टोणग्या, लग्नाला!" दुसरी बोट खेकसली. "जागा अडवू नकोस. नवऱ्या मुलाला बोलू दे."

पुन्हा खरखर. लूबनाने यंत्र कानाशी आणलं.

"लाँचचा कप्तान बोलतोय. माणूस इथेच आहे. मघापासून मागच्या टोकाला तोंड पाडून बसलाय. पाहुण्यांना वाटलं, माळ्याला बोट लागली... धर रे, बोल."

"लूबना?"

इतक्या पाहुण्यांना इतकं सांगणारी ती पोर नुसतं "हं" म्हणाली.

"मी... आमचे चार सांगितले?"

"आणि मी आमचे ऐकले."

पलीकडे तो हसला की रडला, ते खरखरीत समजलं नाही. कप्तान परत बोलू लागला, "डॉल्फिन दिसले म्हणून मघाशी थांबलो होतो, फार लांब गेलेलो नाही. विमान कोणाचंच लवकर नाही. टोपीवाल्या एक आजी काय झालं विचारत होत्या, मी सांगितलं. आता त्या छत्री आपटून वळव म्हणतायत. मी वळवतोय, नाहीतर मला मारतील."

शरीफबेबे मटकन खाली बसला. "चला," तो म्हणाला, "सुटलो एकदाचे!" आणि त्याने चक्क स्वतःचा चहा सगळा पिऊन टाकला.

लाँच आली तेव्हा धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. वायरलेस सगळ्यांनीच ऐकला होता. जैलमने दोर फेकला. तो झेलायला सात माणसं पुढे होती, पण सातही मागे सरकली. दोर लूबनाने झेलला. एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, आणि मधला दोर हळूहळू आखूड होत गेला.

"दहा मिनिटं दिलीयत," तो खाली उतरून म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "बेबेंशी बोलतो. निकाहाचा दिवस ठरवतो. महिनाभरात तुला न्यायला येतो."

"त्या नव्या बेटावर..." लूबनाचा आवाज आत्ता कुठे जागेवर आला होता. "तिथली घड्याळं कोणत्या वेळेवर?"

"अजून लावलीच नाहीत. भिंतीच उभ्या व्हायच्यात."

"बरं," ती म्हणाली. दोर अजून तिच्या हातात होता. "मग मी येईपर्यंत लावू देऊ नकोस."