मार्क नेमके कुणाला?

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि उमरग्यातला एक दवाखाना मनात आणा. बाहेर हमरस्त्यावर मालट्रका धडधडताहेत. आत एक तरुणी इवल्या हिरव्या कोंबांचा ट्रे घेऊन घाईनं वळते… आणि सास्तूरच्या प्रसेनजितवर आदळते. निम्मे कोंब त्याच्या सदऱ्यावर!

"पेरणी तर झाली," तो म्हणाला. "आता पाणी कोण घालणार?"

ती वृषाली, तिथली डॉक्टर. कोंब होते ब्रोकोलीचे. त्यांतल्या एका द्रव्याचा स्किझोफ्रेनियात काही उपयोग होतो का, यावर तिथं संशोधन चाललं होतं. प्रसेनजितची थोरली बहीण क्षमा, तिला जवळ कुणी नसतानाही आवाज ऐकू यायचे. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून तिला आणखी एक कॅप्सूल मिळे. काहींच्या कॅप्सुलीत ते द्रव्य, काहींच्या कॅप्सुलीत नुसतं पीठ. कुणाला काय, हे वृषालीलाही ठाऊक नसे. तिनं फक्त प्रश्न विचारायचे आणि सुधारणेला गुण द्यायचे.

प्रसेनजित दर भेटीला बहीण आणि तिची चिमुरडी लेक मित्रा, दोघींना घेऊन यायचा. आल्या आल्या वृषालीकडं पिकाची चौकशी करायचा. ती हसू दाबायची… ते काही दबायचं नाही.

एकदा क्षमा शांतपणे म्हणाली, "म्याडम, प्रश्न मला इचारता आन् बघता ह्याच्याकडं. मार्क नेमके कुणाला देता?"

वृषालीचा चेहराच उतरला.

पुढच्या भेटीला तिच्या खुर्चीवर दुसरीच डॉक्टर होती. क्षमा आत गेली, आणि प्रसेनजित वृषालीला शोधायला निघाला. बहिणीचं औषध बंद करतात की काय? शोधत शोधत तो मागच्या पायऱ्यांपाशी आला. वृषाली तिथं उभी होती.

"ताईचं काही चुकलं का?"

"त्यांचं नाही, माझं. त्या बऱ्या व्हाव्यात असं मला फार वाटायला लागलंय. असल्या डोळ्यानं मोजलं तर नसलेला गुणही दिसेल… म्हणून मीच सांगून बाजूला झाले. त्यांचं सगळं चालूच राहील."

"पण एवढं का वाटतं?"

ओढणीचं टोक तिच्या बोटाभोवती फिरत राहिलं.

"त्या बऱ्या असल्या, की तुम्ही हसता – म्हणून."



मित्रा मामाच्या मागोमाग आली होती, तिनं सगळं ऐकलं. ती पायरीवर बसली, डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला आणि उठून, टाचा उंचावून वृषालीच्या तोंडाशी धरला.

"मामी, खा की."