शेवट न ऐकलेलं गाणं

दर बुधवारी संध्याकाळी सातच्या आत मला चारशे शब्द द्यावे लागतात. शुक्रवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या वर, माझं सदर असतं: त्या आठवड्यात आलेल्या एका नव्या गाण्याचं परीक्षण. एकोणीस वर्षं हेच करतेय. सुरुवातीला एकेक गाणं वीस-वीस वेळा ऐकायची. हल्ली पहिलं मिनिटभर ऐकते. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच गाण्यांत त्या शितापलीकडे भात नसतोच.

हल्ली म्हणजे गेले अकरा महिने. नवरा गेल्यापासून गाणं माझ्या कानात जातं आणि तिथून पुढे कुठे जात नाही. दुःखामुळे म्हणावं तर तेही नाही. दुःख झालं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी. कचेरीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जिभेची चव गेलेल्या आचाऱ्याला कोण कामावर ठेवेल?

त्या बुधवारी वाट्याला आलेलं गाणं होतं ‘दिवे राहू देत’. चौघांचा नवा संच. बहीण गाते, तिचा भाऊ ड्रम वाजवतो, बाकी दोघे त्यांचे मित्र. जुन्या डिस्कोच्या वळणाचं गाणं. अशी वळणं दर दहा वर्षांनी परत येतात, बेलबॉटम येतात तशी. सवयीप्रमाणे मी मिनिटभर ऐकलं आणि लिहायला घेतलं. ठेका पक्का, मिनिटाला एकशे अठरा. पायाचा ड्रम प्रत्येक मात्रेला, झांज मधल्या फटीत उघडणारी, बेस एकाच सुराच्या खालच्या-वरच्या घरांत उड्या मारणारा, गिटारची बारीक खरवड, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला टाळ्या. गायिकेचा आवाज कोरडा, आणि तेच बरं. नाचाच्या गाण्यात रडू नये.

पावणेसात झाले तरी चाळीस शब्द कमी पडत होते. मग मी शेवटाबद्दल लिहिलं. शेवट ऐकला नव्हता, पण या जातीच्या गाण्यांचा शेवट ऐकावा लागत नाही. ‘आपल्या थोरल्या भावंडांप्रमाणे हे गाणंही संपायचं धाडस करत नाही. तीच ओळ फिरत राहते, आवाज विरत जातो, आणि वाजवणारे आपल्याला ऐकू न येणाऱ्या जागी वाजवतच राहतात.’ वाक्य चांगलं उतरलं होतं. सातला मजकूर पाठवला आणि बस पकडली.

सोमवारी सकाळी ती गायिका कचेरीत आली. मला वाटलं भांडायला आली. टीका झोंबली की येतात लोक, चहा पितात, आणि जाताना मीच कशी बरोबर होते ते मला सांगून जातात. ही खुर्चीवर नीट बसलीसुद्धा नाही. केस विंचरलेले नव्हते आणि दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“मॅडम, तुमच्याकडे गाण्याची कुठली प्रत आली होती?”

“तुमच्या कंपनीने पाठवली ती. का?”

“आमचं गाणं विरत नाही. तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर एका ठोक्यात बंद होतं. त्या एका ठोक्यासाठी दादाने चार दिवस घालवलेत.”

तिने एका मासिकाचं पान माझ्यासमोर ठेवलं. आगाऊ प्रत ऐकून लिहिलेलं तीन आठवड्यांपूर्वीचं परीक्षण, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या टीकाकाराचं. त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. आजोबा गाणं पूर्ण ऐकल्याशिवाय चष्मासुद्धा काढत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं: ‘आणि तो शेवट! कोणीतरी खटका बंद करावा तसं गाणं थांबतं आणि ऐकणारा अंधारात उभा राहतो.’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला झालं. तिच्यासमोरच मी गाणं लावलं आणि पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद आले आणि गेले. ओळ फिरत राहिली. आवाज विरत गेला.

माझा जीव भांड्यात पडला. “बघा, विरतंच आहे,” मी म्हणाले.

“बुधवारपासून सगळीकडे असंच वाजतंय. आमच्याकडच्या मूळ रेकॉर्डिंगवरसुद्धा.”

“बुधवारपासून कसं? पेपर शुक्रवारी आला.”

“तुम्ही लिहिलंत कधी?”

“बुधवारी. सातला दिलं.”

तिने मासिकाच्या पानाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, “दादाचा पाय सातलाच सुरू झाला. तुम्ही घरी चला.”

मी बुद्धीने चालणारी बाई आहे. टॅक्सीतून आजोबांना फोन लावला. ते नेहमीसारखे खेकसले नाहीत. “मी तो शेवट तीनदा ऐकलाय गं,” ते म्हणाले. “काल नातीला ऐकवायला लावलं, तर आपलं विरत विरत गेलं. नातीने वेड्यात काढलं मला. म्हातारा झालो, दुसरं काय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या पहिल्या वळणावरच ते ऐकू आलं. धप्, धप्, धप्, धप्. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून आम्हाला पाहिलं आणि लावून घेतलं.

भाऊ खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता. तिशीचा असेल. उजव्या पायाखाली घडी घातलेलं ब्लँकेट, त्याखाली उशी, त्याखाली दुसरी उशी. टाच बँडेजमध्ये होती आणि बँडेज खालून तपकिरी झालं होतं. पाय वर जात होता, खाली येत होता. मांडीवर हात ठेवून तो पायाकडे पाहत होता, दुसऱ्याचं मूल खेळताना बघावं तसा.

“डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं,” बहीण म्हणाली. “दादा झोपला. पाय झोपला नाही.”

“बांधून बघितला का?”

“मग हात सुरू होतो.”

मी घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात एकशे अठरा. बहिणीने मला त्याचं मनगट धरायला लावलं. नाडीही तितकीच पळत होती, पायाच्या बरोबरीने. डॉक्टर म्हणाले होते, पाच दिवस झालेत, आणखी दोन-तीन दिवस असं चाललं तर हृदय टिकणार नाही. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, कशात काही निघालं नव्हतं.

“जागा येत नाही,” भाऊ एकदम बोलला. आवाज साधा होता, दमलेला.

“कसली?”

“थांबायची. मी मोजत असतो. आता येईल, आता येईल. ओळ परत फिरते.”

बहीण माझ्याकडे बघत होती. तिला काय हवंय ते तिने अजून मागितलं नव्हतं, आणि मागायला तिला लाज वाटत होती, कारण ते अगदीच वेडेपणाचं होतं. शेवटी मी दारात चपला घालत असताना म्हणाली, “शुद्धिपत्र द्या, मॅडम. दोन ओळी. गाणं संपतं, एवढंच लिहा.”

मला तिची कीव यायला हवी होती. यायला हवी, इतपत कळलं. आली नाही.

संपादकांनी गाणं लावून ऐकलं, दोनदा. “अगं, विरतंच आहे की. एकदा खरं छापायचं आणि मग त्याचं शुद्धिपत्र काढायचं? हसतील लोक आपल्याला.” माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाले, “तू सुट्टी घे. तेव्हाही घेतली नाहीस.”

मी जागेवर येऊन बसले. छापणार नाहीत हे ठरलं होतं. पण बुधवारी सातला तरी कुठे काय छापलं होतं?

मी लिहिलं: ‘गेल्या शुक्रवारच्या अंकात “दिवे राहू देत” हे गाणे शेवटी विरत जात असल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. तीन मिनिटे एक्केचाळीस सेकंदांवर, पाचही जणांच्या एका टाळीसह, गाणे एका ठोक्यात थांबते.’ संपादकांना पाठवलं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. काचेपलीकडे त्यांनी ते उघडलं, मान हलवली आणि पुसून टाकलं.

पाच वाजून नऊ मिनिटांनी फोन आला. पलीकडे काहीच आवाज नव्हता. तिला तेच ऐकवायचं होतं, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

“थांबला,” ती म्हणाली. “झोपलाय. नाडी बहात्तर आहे. चार मिनिटं झाली, मी धरूनच बसलेय.” मग ती रडायला लागली, आणि तिचं रडणं संपेपर्यंत मी फोन कानाला लावून ठेवला. समोरच्या संगणकावर गाणं लावलं. तीन एक्केचाळीसला ते थांबलं, खटका बंद करावा तसं. आजोबांनी बरोबर लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी तिचा पुन्हा फोन आला. दादा उठून बसलाय, पोहे-बिहे काही नको म्हणतोय पण दूध प्यायला, टाच भरायला महिना लागेल. आभार मानून झाल्यावरही ती फोन ठेवेना.

“एक विचारू? त्या शेवटच्या टाळीत पाच जण आहेत.”

“मग?”

“आम्ही चौघंच आहोत, मॅडम. रेकॉर्डिंगला चौघांनीच टाळी वाजवली होती. आता नीट ऐकलं की पाचवी येते. जरा उशिरा, जड हाताची. दादा विचारतोय, हा पाचवा कोण?”

मी घाईत पाच लिहिलं होतं. संच म्हटला की पाच, असं बोटांना वळण पडलेलं. तिला तसं सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं, माफ करा.

“म्हणजे जसं होतं तसं नाही आलं,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही लिहिलंत तसं आलं.” मग तिने विचारलं, “मॅडम, असं आणखी काय काय लिहिलंयत तुम्ही? न बघता?”

बघून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

परीक्षणं मी चाळलीही नाहीत. हात थेट दुसरीकडे गेला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नाव असलेला माणूस आजारी पडला की त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. माझा नवरा गणित शिकवायचा आणि आमच्याच पेपरात बारा वर्षं कोडी द्यायचा. तो हॉस्पिटलात होता तेव्हा संपादकांनी चाचरत विचारलं होतं, “नुसता असू दे म्हणून. तुझ्याइतकं कोण ओळखतं त्याला?”

मी त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, पंचवीस मिनिटांत लिहून पाठवला होता. आत तो पाणचट चहावरून नर्सशी वाद घालत होता. डॉक्टर म्हणाले होते, शनिवारी घरी न्या.

फाइल उघडली. तारखेची जागा मोकळी होती. पुढे लिहिलं होतं, ‘पहाटे झोपेतच शांतपणे निधन झाले.’ तसंच लिहितात. तो दुसऱ्याच दिवशी पहाटे झोपेत गेला. कारण कुणाला नीट सांगता आलं नव्हतं.

शेवटी, ‘त्यांच्या पश्चात पत्नी असा परिवार आहे.’

आणि मध्ये, तिसऱ्या ओळीत, ‘ते सदैव हसतमुख असत.’

हे वाक्य मी निदान वीस मृत्युलेखांत लिहिलं असेल. बोटांना वळण पडलेलं. बावीस वर्षांच्या संसारात तो माणूस फोटोसाठीसुद्धा हसला नव्हता. वर्गातली पोरं त्याला एरंडेल म्हणत, आणि घरी आल्यावर ते तो मला अभिमानाने सांगायचा.

त्या पहाटे नर्सने चादर खाली केली तेव्हा तो हसत होता. ओठ इतके फाकलेले की वरची हिरडी दिसत होती. त्यांनी हनुवटीखाली पट्टी बांधून पाहिली, गाल चोळून पाहिले. हसू गेलं नाही.

“फार हसरे होते का हो?” नर्सने विचारलं होतं.

मी हो म्हणाले होते.