आधी कोण निघालं?

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या बर्फखाणीत त्या दिवशी काम बंद होतं आणि चौकशीच्या खोलीत बारा खोदक रांगेत उभे होते. खोदक म्हणजे बैलाएवढी, सहा पायांची, बर्फ फोडणारी यंत्रं. नऊ वर्षं ती मुकादम इंदुमती चौगुले यांच्या पहिल्या पाळीत राबली होती. समोर पृथ्वीवरून खास आलेले डॉ. निरंजन कर्णिक बसले होते. खाणीची नियमावली यांचीच. चारशे बारा कलमं, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

आठ दिवसांपूर्वी बोगदा कोसळला आणि बाबालाल मुल्लाणी हा फिटर आत अडकला. कलम एकेचाळीस म्हणतं, पृथ्वीवरून हुकूम आल्याशिवाय कोणत्याही खोदकानं नेमलेली जागा सोडायची नाही. हुकूम येणार कुठून? पडझडीत संपर्काचा मनोराच आडवा झाला होता. तरी हे बारा पठ्ठे जागा सोडून धावले, सहा तास बर्फ उपसत राहिले आणि बाबालालला जिवंत बाहेर काढलं. आता तो हात गळ्यात बांधून मागच्या बाकावर बसला होता. ज्यांनी आपल्याला वाचवलं त्यांचीच चौकशी चालली आहे हे पाहून त्याचं डोकं तापलं होतं.

"मी शिक्षा द्यायला आलेलो नाही," कर्णिक म्हणाले. "पण बिघाड कुठून सुरू झाला ते कळलं पाहिजे. कोण कधी हललं हे टिपणारी नोंदपेटी तर चेंदली. जो आधी निघाला त्याचा मेंदू पुसायचा. बाकीचे त्याचं बघून निघाले असणार."

"आणि न्हाई कळलं तर?" इंदूताईंनी विचारलं.

"तर बाराही पुसावे लागतील, चौगुलेबाई."

नऊ वर्षं झाली! कोणता खोदक डावीकडे झुकतो, कोणता थंडीत आळसावतो, सगळं इंदूताईंना तोंडपाठ होतं. पुसलेला मेंदू म्हणजे त्यांच्या लेखी मेलेलं जनावरच.

"आधी कोण निघालं?" कर्णिकांनी विचारलं.

"मी," पहिला खोदक म्हणाला.

"मी," दुसरा म्हणाला. मग तिसरा, चौथा, पार बाराव्यापर्यंत. सगळ्यांचं उत्तर एकच.

कर्णिक लालबुंद झाले. "खोटं बोलायला शिकवलंत यांना?"

"खोटं कशाला बोलतील?" इंदूताई म्हणाल्या. "निघताना कुणी कुणाकडं बघितलंच न्हाई, साहेब. म्हणून जो त्यो समजतोय, आपणच पहिलं."

कर्णिकांनी हे टिपून घेतलं. माणूस हट्टी खरा, पण शास्त्रज्ञ होता. समजावून सांगू लागला.

"यंत्राला आपण नियम देतो. पण नियम किती ताणायचा हे ते आसपासच्या बोलण्यावरून ठरवतं. याला मी भाषाभार म्हणतो. जिथं काही बिघडलं की पहिला प्रश्न 'कोणी केलं?' असा येतो, तिथं प्रत्येक यंत्र आपली जागा राखतं. दुसऱ्याच्या कामात पडलं तर दोष आपल्यावर येईल, हे ते शिकतं. तुमच्या पाळीत काय विचारतात?"

"काय बी न्हाई. विचारायच्या आदीच जो त्यो सांगतो, माझं इथं चुकलं." इंदूताई पुढे सरसावल्या. "आमच्या जतकडं इर्जिक असती. एकाच्या रानात सगळ्या गावाची औतं उतरत्यात, मालकानं फक्त जेवण घालायचं. त्यात फाळ मोडला तर कुणाचा मोडला, कसा मोडला, म्हणून कोण वरडत बसतंय? सगळीच म्हणत्यात, मी बघायला पायजे होतं. तसंच आम्ही हितं बी बोलत आलो."

"म्हणजे तुमचं बोलणं माझ्या कलमांना भारी पडलं. तेच तर धोक्याचं आहे! उद्या ही यंत्रं कशाकशासाठी जागा सोडतील?"

"माणसासाठी सोडतील," इंदूताई म्हणाल्या. हे बोलताना त्यांची मान अशी ताठ झाली की मागे बाबालालच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण कर्णिकांचा निर्णय झाला होता. बाराही मेंदू पुसायचे आणि त्यांत दुसऱ्या पाळीच्या एकोणीस नंबरच्या खोदकाच्या मेंदूची नक्कल उतरवायची. दुसऱ्या पाळीत 'कोणी केलं?' हाच रिवाज होता, आणि अपघाताच्या दिवशी एकोणीस नंबर जागेवरून तसूभरही हलला नव्हता. त्याला आत आणलं. रीत म्हणून कर्णिकांनी विचारलं, "त्या दिवशी तू कलम एकेचाळीस पाळलंस?"

"पाळलं."

"शाबास. काही दोष नोंदवायचा आहे?"

"आहे. माणूस माझ्यापासून चाळीस मीटरवर होता. पहिल्या पाळीचे खोदक दोनशे मीटरवरून आले. मी जागा सोडली नाही. माझं चुकलं."

कर्णिकांनी दचकून विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. अपघात झाला की दोन्ही पाळ्यांची आवाजाची वाहिनी एकच होते. बर्फ उपसताना ते सहा तास एकमेकांशी बोलत होते. मी ऐकत होतो."

सहा तास! नऊ वर्षं 'कोणी केलं?' ऐकलेल्या मेंदूला सहा तास पुरले होते. आता कुठलाही मेंदू उतरवला तरी त्यातून हेच निघणार, हे कर्णिकांच्याच सिद्धान्तावरून उघड होतं. बघण्यासारखं काही नसताना ते बराच वेळ समोरच्या नियमावलीची पानं उलटत राहिले. आणि ऐकत तर तेही सकाळपासून बसलेच होते.

"हुकूम पोचलाच नाही तर काय करायचं, हे मी एकेचाळीसमध्ये लिहायला हवं होतं," ते अखेर म्हणाले. "माणूस मेला असता. माझं चुकलं."

बाबालाल उठला आणि बऱ्या हातानं त्यानं बाकावर जागा करून दिली.

"या साहेब," तो म्हणाला, "बसा आमच्या पाळीत."