मोठ्या आवाजाखाली

खोटं वाटलं तर वाटू दे. पदरचं एक अक्षर घालत नाही. घडलं ते माझ्या मामेबहिणीच्या घरात, रविवारी, भरदुपारी तीन वाजता.

ही ताई रेकॉर्डिंग स्टुडिओत आवाज साफ करायचं काम करते. कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

तिची आई जायच्या आठ दिवस आधी ताईने उशाशी माइक ठेवून तिचं तासभर बोलणं टिपून ठेवलं होतं. आईचा आवाज खोल गेलेला. आणि त्याच खोलीत धाकटा भाऊ फोनवर मोठमोठ्याने बोलत बसलेला.

त्याच धाकट्याने पुढे नातेवाइकांना पाठवायला ती फाइल दाबून दहापट लहान केली. वर कॉम्प्युटरवर जागा नाही म्हणून मूळ फाइल पुसून टाकली.

"आवाज तोच आहे की, ताई."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोच? अरे, फाइल लहान होते ती काहीतरी फेकूनच. मोठ्या आवाजाखालचा बारीक आवाज कुणाला कळत नाही, असं धरून तो काढून टाकतात. तिथे मोठा आवाज कुणाचा होता? तुझा. आणि फेकलं कुणाला? आईला."



मूळ रेकॉर्डिंगची पहिली पाच मिनिटं तेवढी ताईच्या लॅपटॉपवर उरली होती. त्यातून तिने दाबलेला आवाज वजा केला. उरलं ते फक्त फेकलेलं.

"ऐक, काय काय घालवलंस ते."

आधी नुसती खरखर...

मग चादरीची सळसळ...

मग आईचा श्वास.

पाच मिनिटं संपली. स्क्रीनवरची रेघ टोकाला जाऊन थांबली.

श्वास थांबला नाही...

ताईला पत्ताच नाही. ती धाकट्याला फैलावर घेत होती. दवाखान्यात कधी बसलास, रात्री कुणी जागवल्या, औषधं कुणी आणली. दोन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं.

धाकट्याने हात वर केला. तोंड पांढरंफटक.

"ताई, थांब."

"का थांबू? आता का थांबू?"

"ताई... आई बोलतेय."

ती गप्प झाली, तेव्हा स्पीकरमध्ये काहीच नव्हतं.

"तुला हाक मारली तिने," धाकटा म्हणाला. "दोनदा. मग काहीतरी सांगत होती."

"काय सांगत होती?"

"नाही कळलं. तू बोलत होतीस."

चार महिने झाले. दर रविवारी तीनला दोघं ती फाइल लावून समोरासमोर बसतात. कुणी ब्र काढत नाही. पाच मिनिटांनी रेघ थांबते. पुढे काही नाही.

ताईचा राग अजून उतरलेला नाही. पण धाकट्याला ती आता काही बोलत नाही.

हे सगळं तिने मला कुजबुजत सांगितलं. मी म्हटलं, "अगं, जरा मोठ्याने बोल."

तिने डोळे वटारले.

"हळू," म्हणाली. "ती आत्ता बोलत असली तर?"