सतरावं प्रकरण येतं-जातं

"माझं आत्मचरित्र चोरलंय!" कारखानदारसाहेब गरजले. "आणि चोर ही समोर बसलीय."

समोर टायपिस्ट होती. तिच्यापुढे राजीनामा, साहेबांनीच लिहून आणलेला. सही तेवढी बाकी.

गुप्तहेर करवतबाईंनी साहेबांकडे झुरळ बघावं तसं बघितलं. त्यांचा मदतनीस डुलकी, म्हणजे त्यांचा नवराच, तोवर खुर्ची शोधून बसलाही होता.

"नेमकं काय गेलं?" बाईंनी विचारलं.

"सतरावं प्रकरण. 'मी कुणावर अन्याय केला नाही'. सकाळी मी कॉम्प्युटरवर लिहितो, दुपारी त्याच्यावर ही बसली की गायब!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

साहेब चाचरले. "परत येतं."

"चोरानं वाचलं असेल."

"बाई, माझी पत्रंही साहेब बसले की दिसत नाहीत," टायपिस्ट म्हणाली. "मी बसले की जागच्या जागी."

साहेबांचा मेहुणा पुढे सरसावला. "कॉम्प्युटर मी एकदम झकास केलाय. नवी एसएसडी डिस्क बसवली, जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. जुनीही आतच ठेवली. असू दे!"

"कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण?"

"स्क्रू हरवले."

"साहेब, चालू करा."

साहेब खुर्चीत पसरले, टेबलाखालच्या पेटीवर पाय ठेवले, बटण दाबलं. पेटी करकरू लागली. डुलकी घोरून उठला तेव्हा कुठे पडदा उजळला. सतरावं प्रकरण हजर.

"बंद करा. आता तू."

टायपिस्टनं पेटीवरची टाचांची धूळ पुसली, लोंबणारी वायर आत दाबली. "रोज साहेबांच्या पायात येते हो." बटण दाबलं. पेटी चिडीचूप. डुलकीचे डोळे मिटायच्या आत पडदा उजळला. प्रकरण गायब.

"बघा! रंगेहाथ पकडली!"

"भूत असेल," डुलकी म्हणाला.

"भूत नाही, दोन डिस्क," करवतबाई म्हणाल्या. "दोन्हींवर तीच सिस्टिम, तोच पडदा. कुठली चाललीय, ओळखणार कसं? कानानं! एसएसडीत फिरायला काही नसतं, ती गप्प. करकर करते ती जुनी. ही वायर नव्या डिस्कची. तुमची लाथ बसली की सुटते, मशीन आपोआप जुनीवर चालतं. हिनं दाबली की नवी. तुमचं लिखाण एकीवर, हिचं दुसरीवर. चोर म्हणाल तर तुमचा पाय. आणि त्याला दार उघडं ठेवणारा हा दिवटा मेहुणा."

दिवटा दाराबाहेर पोचला होता.

टायपिस्टनं राजीनामा उचलला. "सही करू?"

"छे, छे! माझं प्रकरण नव्या डिस्कवर कोण आणणार?"

"ते जुनीवरच राहू द्या," करवतबाई म्हणाल्या. "ती आज ना उद्या बंद पडेल. वाचक सुटतील."

टायपिस्टनं राजीनाम्याची घट्ट घडी घातली आणि वायर हलू नये म्हणून तिथे तिचीच पाचर ठोकली.