डाव्या बाजूचा ताशा

हे सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. नातीनं, पल्लवीनं, हट्ट धरला. म्हणाली, आबा, तुम्ही लिहून दिल्याशिवाय मी ते गाणं बाहेर काढणार नाही. मी म्हणालो, नको काढू. तर तिनं दोनशे पानी वही पुढ्यात आणून टाकली आणि दुपारचा चहा बंद केला. मी चौथी शिकलोय. चुका निघाल्या तर गप वाचायचं. आणि भुताची गोष्ट म्हणून मजा घ्यायला बसला असाल तर आधीच सांगतो, यात भुतापेक्षा माझी लाज जास्त आहे.

मी गोटीराम. मखमलाबादला झेंडू आणि मेथी लावतो, आणि चाळीस वर्षं ढोल वाजवला. माझ्या डाव्या हाताला कायम गेणू. गळ्यात ताशा, तोंडात तंबाखू. ताशाचं कातडं सैल पडलं की तो रस्त्याच्या कडेला पाचोळा पेटवून शेकायचा. त्या शेकल्या कातड्याचा वास आणि तंबाखूचा वास, डोळे मिटले तरी कळायचं की गेणू शेजारी आहे.

आमच्यात एक रीत आहे. ढोल आपण होऊन सुरू होत नाही. आधी ताशा उठाव देतो, मग ढोल उचलतो. उठाव दिल्यावर ढोलानं उचललं नाही तर तो ताशावाल्याचा चारचौघात अपमान. गेणू उठाव द्यायचा, शेवटच्या काडीला माझ्या कानाकडे वाकायचा आणि म्हणायचा, "घे." बस. मग माझं टिपरू, ढोलाची काठी, पडायचं.

चाळीस वर्षं डाव्या कानाशी ताशा वाजल्यावर कानाचं काय होणार? गेला. डॉक्टर म्हणाले, शीर मेली, मशीन लावूनही उपयोग नाही. नंतर मला त्याचं "घे" ऐकू यायचं नाही, ओठ दिसायचे. तेवढ्यावर आमचं चाललं होतं.

मिरवणुकांवर बंदी आली त्याच्या आदल्या वर्षी रंगपंचमीला रहाडीपाशी, रंगाच्या हौदापाशी, आम्ही वाजवत होतो. माणसं एकमेकांना रंगात ढकलत होती, कुणी तरी गेणूच्या तोंडावर बादली ओतली, मला ओठ दिसले नाहीत. मी एक ठोका उशिरा उचलला. एक. गेणूनं ताशा थांबवला आणि पथकातल्या सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "बहिऱ्याला आता घरी बसवा रे. मेथीच्या जुड्या बांधील."

पोरं हसली. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. ज्याच्यामुळे बहिरा झालो, त्यानंच बहिरा म्हणावं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. तोही आला नाही. मग बंदी आली, ढोल खुंटीला गेले.

बंदी उठत आली होती, मास्क हनुवटीपर्यंत उतरले होते, तेव्हा संघर्ष नावाचा एक दाढीवाला माझ्याकडे आला. कंप्युटरवर वाजणाऱ्या वाद्यांचं सॉफ्टवेअर बनवायचं त्याचं काम. त्याला नाशिकच्या ढोलाचे ठोके भरून न्यायचे होते. एकेक ठोका वेगळा, टिपरूचा, हाताचा, जोराचा, हळू. मग जगात कुणीही बटण दाबलं की माझा ठोका वाजणार. त्याला ढोल आणि ताशा, जोडी हवी होती. त्यानं विचारलं, तुमचे ताशावाले कोण?

मी म्हणालो, "ताशावाला वारला."

त्या दिवसांत कुणी वारला म्हटलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नव्हतं. संघर्षनं मान खाली घातली, दोन्ही हात जोडले. मीही जोडले. गेणू तेव्हा चार गल्ल्या पलीकडे खाटेवर बसून तंबाखू मळत असेल.

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. भिंतीला गाद्या, दाराला जाड काच, काचेवर गोधडी. दार माझ्या डाव्या हाताला. माझ्यासमोर दोन माईक, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. संघर्ष आत माझ्यासोबतच कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. त्यानं हात वर केला, म्हणजे मारा. माझा हात उठेना. पुन्हा हात केला. उठेना. कसा उठेल? उठाव कुठे होता? संघर्षला वाटलं म्हातारा बुजला, त्यानं पाणी दिलं.

पाचव्या वेळेला डाव्या अंगाला गार झुळूक लागली आणि टिपरू आपोआप पडलं. मग दिवसभर पडत राहिलं. मला वाटलं, पंखा असेल. संध्याकाळी निघताना वर पाहिलं. खोलीत पंखा नव्हता. तेव्हा मी त्याचा काही विचार केला नाही. नाव होणार, या खुशीत होतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी गेणू खरंच वारला. दहाव्याला मी रामकुंडावर गेलो. त्याची बायको भागीबाई माझ्याजवळ आली आणि रडता रडता नाही, साध्या आवाजात बोलली. त्या दिवशी कुणीतरी गेणूला सांगितलं होतं की गोटीरामचा ढोल भरून घेतायत. तो तिथं गेला. दारावरच्या पोरानं नाव विचारलं. यानं सांगितलं, गेणू ताशावाला. पोरगा म्हणाला, ते वारले, आतल्या आजोबांनी सांगितलंय.

"घरी येऊन मला म्हणतात," भागीबाई म्हणाली, "भागे, कुंकू पूस. गोट्यानं मला मारला. आणि लय हसले. आठ दिवस हसत होते."

मी काय केलं? उजवा कान तिच्याकडे होता, तरी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि घाटाच्या पायऱ्या चढून निघून आलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

चार वर्षं गेली. पल्लवी कंप्युटरवर गाणी करते. तिनं ते सॉफ्टवेअर घेतलं, का तर आत आजोबांचा ढोल आहे. या मार्चमध्ये एका दुपारी तिनं मला माडीवर बोलावलं. खिडकीला गादी लावून तिनं खोली अंधारी केली होती. पंखा बंद. गरम लॅपटॉपचा वास, जुन्या कापसाचा वास. खाली रस्त्यानं भाजीची गाडी गेली तरी आवाज नाही.

तिची अडचण अशी होती. तिला मिरवणुकीसारखे दोन ढोल समोरासमोर हवे होते, एक डाव्या कानात, एक उजव्या. त्यासाठी एक गोल बटण असतं, डावीकडे फिरवलं की आवाज डावीकडे जावा. पण या ढोलाचं बटण खोटं होतं. उजवीकडे फिरवलं की डावी बाजू नुसती बंद व्हायची, डावीकडचा आवाज इकडे यायचा नाही. डाव्या माईकचं ते डाव्या कानातच, जागचं हलत नाही.

"मग?" मी म्हणालो.

"मग पळवाट. तोच ढोल दोनदा उघडायचा. एका ठिकाणी जसाच्या तसा. दुसऱ्या ठिकाणी डावी तार उजवीकडे आणि उजवी डावीकडे, उलटी टाकायची. बसता का ऐकायला? तुमचा ढोल, तुम्हीच सांगा बरोबर बसला का."

मी म्हणालो, मला एकच कान आहे. ती म्हणाली, म्हणून तर. तुम्ही आजवर तुमच्याच ढोलाची डावी बाजू ऐकलेली नाही.

खरं होतं. संघर्षनं तेव्हा ऐकवलं होतं, पण माझ्याकडे उजवाच कान. डाव्या माईकनं काय टिपलं ते सगळ्यांनी ऐकलं असेल, मी नाही.

तिनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि थांबली. "आबा, एक विचारू? तुमच्यासोबत ताशाला कोण होतं?"

"कुणी नव्हतं. मी एकटाच होतो."

"मग प्रत्येक ठोक्याच्या आधी बारीक ताशा आहे तो? अगदी लांबून आल्यासारखा. मला वाटलं तुम्ही तोंडानं काढत असाल."

तिनं बटण दाबलं.

आधी काही नाही. मग माझ्या चांगल्या कानात, लांब, दाराबाहेर असावा तसा... तड तड तर्रर्र... आणि माझा ठोका. पुन्हा. तड तड तर्रर्र... आणि ठोका. हात गेणूचा. दुसऱ्या काडीवर तो जरा रेंगाळायचा, करंगळी लहानपणी मोडली होती म्हणून. जगात तसा दुसरा हात नाही.

पल्लवी पुढे पुढे नेत होती. जोराचा ठोका. हळू ठोका. प्रत्येकाच्या आधी उठाव, आणि दर वेळी थोडा जवळून. दाराबाहेरून दारात. दारातून आत. अंधाऱ्या खोलीत मला पाचोळा जळाल्याचा वास यायला लागला. मग शेकलेल्या कातड्याचा. मग तंबाखूचा.

"काही जळतंय का गं..."

"नाही आबा. का?"

शेवटचा ठोका आला. उठाव इतका जवळून होता की मी मान बाजूला घेतली. तर्रर्र संपली, कुणीतरी खोकलं, आणि माझ्या कानाला लागून...

"घे."

मी हेडफोन काढून फेकला. पल्लवीनं तो उचलून स्वतःच्या कानाला लावला, तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळी तिचं तोंड उतरलं. म्हणाली, हे तर मी रोज ऐकत होते. हा शब्द काल नव्हता.

तिला सगळं सांगावं लागलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नातीसमोर जमिनीकडे बघत बसला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चला त्या आजींकडे." एवढंच.

भागीबाई दारातच लसूण सोलत बसली होती. मी उभ्याउभ्या सांगितलं की मी खोटं बोललो होतो, तो जिवंत असताना त्याला मेला म्हटलं. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "मला काय सांगता? माझ्याच घरात राहत होते ते. ज्यांना मेला सांगितलं त्यांना सांगा." म्हणून ही वही. पल्लवी ती गाण्यासोबत लावणार आहे, आणि संघर्षलाही पाठवणार आहे.

मी भागीबाईला विचारलं, त्या दिवशी गेणू बंगल्याबाहेर बसून ताशा वाजवत होता का? मला वाटत होतं, असंच असणार. बाहेरून काचेतून आवाज आला असेल. मला तेवढाच आधार होता.

भागीबाईचे हात थांबले.

"ताशा कुठला? ताशा माळ्यावर होता. कातडं उंदरांनी खाल्लेलं, बंदीत. रिकाम्या हातानं गेले होते ते. पायरीवर बसले दिवसभर. आतलं काही ऐकू येत नव्हतं म्हणाले... नुसते बसले, आणि उठून आले."

तिनं ताशा काढून दाखवला. तांब्याचं नुसतं भांडं. कडेला फाटक्या कातड्याची झालर. मी आत हात घातला. भांडं कोमट होतं. माळ्यावर पत्र्याखाली होतं, मार्च होता, तापलं असेल. पण हाताला राख लागली. पाचोळ्याची, ताजी.

पल्लवीनं घरी येऊन त्या ढोलाची डावी तार कायमची तोडून टाकली. आता गाण्यात दोन्ही बाजूंना फक्त माझा उजवीकडचा ठोका आहे. स्वच्छ. तिनं ऐकलं, काही नाही. संघर्षला फोन करून विचारलं, त्याच्याकडच्या मूळ फाइलीत आता उठावच नाही, ठोक्याच्या आधी नुसती शांतता आहे.

जायचं तिथं तो गेलाय. दिवेलागणीला मी ओट्यावर बसतो. उजव्या कानाला रस्त्याची माणसं ऐकू येतात. आणि डाव्या, डॉक्टरांनी मेला सांगितलेल्या कानात, उठाव येतो. तड तड तर्रर्र. दुसऱ्या काडीवर रेंगाळून. मग वाकल्यासारखा गरम श्वास लागतो, आणि, "घे."

ढोल समोरच खुंटीला आहे. पल्लवीनं त्याला नवीन दोरी घातली आहे. टिपरू मांडीवर असतं. माझा हात उठतो, दर वेळी उठतो, आणि मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवतो. मी माझं सगळं या वहीत लिहिलंय, चारचौघांसमोर, लाज सोडून. आता एकदा उचललं की तो उचलूनच नेईल, हे मला कळतं. काल तर त्यानं तीनदा उठाव दिला.

मी तिन्ही वेळा त्या कानाकडे तोंड करून सांगितलं की आधी रंगपंचमीचं बोल. पोरांसमोर मला बहिरा म्हणालास, त्याची माफी माग, मग घेतो.

तो मागत नाही. नुसता पुढचा उठाव देतो. असाच आहे तो, पहिल्यापासून. गेणू मल्हारी ताशावाला.