दाराच्या बाजूला

आखातातल्या मीना सलमान बंदरावर मी पहिल्यांदा गेले, ती ऑफिसातला प्यून आजारी पडला म्हणून. तिथल्या आमच्या सुपरवायझरच्या हातात कागद द्यायचे नि परतायचं, एवढंच काम. खारट, दमट वारा तोंडावर येत होता. सुपरवायझर एका कंटेनरच्या बंद दारासमोर शीळ घालत उभा. त्याने दार ओढलं... आणि टोमॅटोच्या डब्यांचे खोके धडाधड खाली. एका उडीत पाय वाचवून तो माझ्याकडे बघत हसला.

“रोजचंच आहे मॅडम. बोटीवर माल सरकतो.”

“मग समोर कशाला उभे राहता?”

“मग काय, पाठ करून उभा राहू?”

हा वसईचा व्हॅलेरियन. हसला की डाव्या गालाला खळी पडायची. मला त्या खळीचाच जास्त राग आला. माझी रोझमेरी चार वर्षांची. तिचा बाप असाच एका फालतू अपघातात गेला. तेव्हापासून मी भांड्यांचं कपाटही जपून उघडते.

कंटेनर भरायचे-रिकामे करायचे काही नियम असतील ना? मी शोधायला लागले. आमचे साहेब महमूद म्हणाले, “इंशाल्ला, काही होत नाही.” बोट कंपनीच्या एजंटला फोन केला, त्याने कॅलेंडर पाठवलं. मुंबईच्या कंटेनर कंपनीला टेलेक्स केला. उत्तर आलं — किती कंटेनर हवेत? डोकं आपटावंसं वाटलं.

व्हॅलेरियन मात्र काहीतरी निमित्त काढून टेबलाशी हजर.

“मिळाले नियम?”

“तुम्हाला थट्टा वाटते.”

“नाही हो. माझ्यासाठी इतके फोन कोणी केले नव्हते...”

“तुमच्यासाठी नाही. तिथल्या मजुरांसाठी.”

“मजुरांत मी आलोच की.”

मग एकदा आमच्या गुदैबिया वस्तीतल्या वाण्याच्या दुकानात, मी कांदे निवडत असताना, त्याने हळूच विचारलं, “रेजिना, चर्चमधल्या फादरशी बोलू का... आपलं?”

हातातला कांदा हातातच राहिला. मला हो म्हणायचं होतं.

“दारासमोर उभा राहणारा नवरा मला नको,” मी म्हणाले. “काळे कपडे एकदा घातले, तेवढे पुरे.”

तो हसला नाही. “नियम दाखवा. पाळतो.”

नियम सापडले. पुन्हा कागद द्यायला गेले तेव्हा, बंदरावर, एका रिकाम्या कंटेनरच्या दाराला चिकटवलेले, ठळक इंग्रजीत: समोर उभे राहू नका. आधी उजवे दार, थोडेसेच. माल दाराला टेकलाय का पाहा. मग दुसरे.

आणि चिकटवले कुठे होते? दाराच्या आतल्या बाजूला. दार उघडल्याशिवाय दिसणार नाहीत असे. कोण ही हुशार माणसं... मी तिथेच रागारागाने ते उतरवून घेतले, टाइप केले आणि व्हॅलेरियनच्या हातात कोंबले. त्याने वाचले, घडी करून खिशात ठेवले.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. रोझमेरीने दार उघडलं. “ममा, नोबडी.”

मी बाहेर डोकावले. जिना रिकामा.

“इकडे,” भिंतीकडून आवाज आला. “बाजूला.”

इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा खोका, पाठ भिंतीला चिकटवून व्हॅलेरियन उभा.

“आठवडाभर सगळी दारं अशीच उघडतोय. माणसांनाही तसंच शिकवलं. महमूदसाहेब हसतात... हसू देत.”

मला हसू फुटलं, आणि त्याचाही रागच आला.

“अहो, हे घराचं दार आहे. इथे समोर उभं राहायचं.”

तो समोर आला. खळी पडली. “मग... फादरशी बोलू?”

“बोला,” मी म्हणाले. “आणि आधी आत या. एसीची हवा सगळी बाहेर चाललीय.”